वाळूतली शाळा : पालीची शेपटी



गेल्या दिवाळीला या सदरात मी खजुरावर लिहिलं होतं आणि त्याच्या आदल्या वर्षी गाफच्या झाडावर. दोन्हींचं तुम्ही कौतुक केलंत. यंदाचा विषय सांगितल्यावर मात्र अंकाचं काम बघणाऱ्या ताई फोनवर क्षणभर गप्पच झाल्या. "अगं, दिवाळी अंकात पाल?" मी म्हटलं, "घरोघरी असते, मग अंकात का नको?" ज्यांना किळस वाटते त्यांनी फराळ आटोपून मग वाचायला घ्यावं, एवढीच विनंती.

जुलैमधली गोष्ट आहे. शाळेला सुट्टी लागली होती, आमच्या बिल्डिंगमधली निम्मी घरं भारतात गेली होती आणि आम्ही यंदा तिकिटांचे भाव बघून अल बर्शातच राहिलो होतो. उन्हाळ्यात बंद घरांतली झुरळं जिथे स्वयंपाक चालू असतो तिथे मुक्कामाला येतात, हे इथल्या जुन्या बायका तुम्हाला सांगतील. मी दुकानातून चिकट पुठ्ठे आणले. एक सिंकखाली लावला, एक फ्रीजच्या मागे. दुसऱ्या दिवशी सकाळी ओवी, माझी नऊ वर्षांची मुलगी, सिंकखालचा स्पंज काढायला वाकली आणि किंचाळली. पुठ्ठ्यावर दोन झुरळं होती आणि त्यांच्यामध्ये एक पाल. जिवंत. चारही पाय आणि पोट चिकटलेलं, डोकं तेवढं सुटं. शेपटी तिच्या शेजारी वेगळी पडली होती.

"आई, हे तू केलंस," ओवी म्हणाली. खोटं नव्हतं ते.

चिकट पुठ्ठ्यावर तेल चालतं, हे मला ठाऊक होतं. खोबरेलाची बाटली घेतली, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या घेतल्या आणि दोघी जमिनीवर बसलो. आधी पोटाखाली तेल सोडायचं, मग एकेक पाय. ओढायचं नाही, नाहीतर कातडी फाटते. पाऊण तास लागला. मध्येच बोटिमवर वाईहून सासूबाईंचा कॉल आला. ओवीने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि आजीला सगळं दाखवलं.

"पाल? अंगावर तर नाही ना पडली कुणाच्या? थांब, पंचांग बघते."

"अहो आई, अंगावर नाही, पुठ्ठ्यावर पडलीय."

"मग पुठ्ठ्याचं भविष्य बघ," मागून सासरे म्हणाले.

पाल सुटली तेव्हा तेलाने माखलेली होती. बुटांच्या खोक्यात जुना रुमाल ओला करून ठेवला आणि तिला आत सोडलं. एरवी काचेवरून उलटी चालणारी ही बाई खोक्याच्या पुठ्ठ्यावरही चढू शकेना. तिच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केसांच्या दाट ओळी असतात आणि ते केस पृष्ठभागाच्या अगदी जवळ टेकले की चिकटतात. तेलाने ते सगळे लडबडले होते. थोड्या वेळाने तिने जीभ बाहेर काढली आणि स्वतःचा डोळा पुसला. पालीला मिटायला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि त्याची साफसफाई जिभेने होते. मग ओवीने खोक्याच्या बाजूवर बोटाने पाण्याचे चार थेंब लावले. पालीने ते एकेक करून चाटले.

"आजी तर म्हणते पाल पाणी पीत नाही!"

आजीचं अगदीच चूक नाही. आपल्या घरातली पाल पाण्याच्या भांड्याकडे कधी जाताना दिसत नाही. मिळालंच तर ती थेंब चाटते, एसीच्या नळीवरचे, बाथरूमच्या टाइलवरचे. पण तिचं बरंचसं पाणी येतं ते खाण्यातून. किड्याच्या शरीरात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे झुरळ हे तिचं जेवणही आणि बाटलीबंद पाणीही. ती माझ्या पुठ्ठ्यावर का गेली असेल, ते इथे लक्षात आलं. मी जुलै महिन्यात तहानेच्या वाटेवर डिंक लावून ठेवला होता.

इथल्या घरांत सर्रास दिसणारी पिवळसर पोटाची पाल मूळची पाहायला गेलं तर आपल्या दोन्ही घरांची आहे. लाल समुद्राच्या किनाऱ्यापासून अरबस्तान, इराण, पाकिस्तान करत थेट बंगालपर्यंत ती सापडते आणि माणसांच्या गलबतांतून, सामानसुमानातून ती पसरली असावी असं मानतात. व्हिसाशिवाय ये-जा करणारी जुनी अनिवासी म्हणायची.

त्या दिवशी खोक्याशी बसून ओवीने प्रश्नांची सरबत्ती लावली आणि मी मास्तरीण असल्यामुळे उत्तरं दिली. तिला सगळ्यात आवडलं ते सांगते. पालीची लेंडी काळी असते आणि तिच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो, हे प्रत्येक घर झाडणाऱ्या बाईला माहीत आहे. तो पांढरा ठिपका म्हणजे पालीची लघवी. अन्नातल्या प्रथिनांचा जो टाकाऊ भाग उरतो तो आपण युरियाच्या रूपात बाहेर टाकतो, आणि युरिया वाहून न्यायला पाणी लागतं, भरपूर लागतं. पाल तोच टाकाऊ भाग यूरिक ॲसिडच्या रूपात टाकते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे शेवटच्या टप्प्यावर त्यातलं पाणी परत शोषून घेता येतं आणि बाहेर पडते ती नुसती पांढरी लुकण. आपल्या मंडळातल्या निम्म्या काकांचं जे वाढलंय म्हणून डॉक्टर डाळी आणि मटण बंद करतात, तेच हे यूरिक ॲसिड. काकांना त्याचा त्रास होतो, पालीचा त्यावर संसार चालतो.

खवल्यांबद्दल मात्र मी वर्गात चुकीचं शिकवत आले होते. खवल्यांच्या चिलखतामुळे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगातलं पाणी उडून जात नाही, असं आपण सगळेच शिकलो. खरी अडवणूक करतात ते कातडीच्या थरांमधले मेद, पापडाच्या लाटीला लावलेल्या तेलाच्या हातासारखे. जन्मतःच खवले नसलेल्या सापावर हे तपासून पाहिलंय, तोही काही जास्त सुकत नाही.

आणि चुकीचंच निघालंय तर मोठी चूकही सांगून टाकते.

इथे येण्याआधी मी माणदेशातल्या एका माध्यमिक शाळेत पाच वर्षं शिकवत होते. एमए मराठीत, त्यामुळे विषय मराठी. पण विज्ञानाचे सर एकदा इलेक्शन ड्युटीवर गेले आणि सहावीचे पंधरा दिवस माझ्याकडे आले. मी पुस्तक उघडून सांगितलं, सरपटणारे प्राणी थंड रक्ताचे असतात. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. शेळ्या राखणारा होता, सुट्टीच्या दिवशी माळावरच असायचा. म्हणाला, "मॅडम, मग दुपारी तापल्या दगडावर सरडा बसलेला असतो, त्याचं पण रक्त थंडच असतं का? मी हात लावलाय. गरम लागतो."

मी म्हटलं, "पुस्तकात आहे ते लिही आणि बस खाली."

तो बसला. नंतर त्याने त्या पंधरा दिवसांत काही विचारलं नाही. मंडळी, शिकवणं सोडून आता बरीच वर्षं झाली, पण त्या शाळेतलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. उत्तर मला येत नव्हतं हा दोष लहान, त्याला गप्प बसवलं हा मोठा.

उत्तर असं आहे. त्याचं बरोबर होतं, पुस्तकातला शब्द वाईट होता. सरड्याचं रक्त थंड नसतं. त्याला स्वतःच्या शरीरात अन्न जाळून उष्णता तयार करून ठेवता येत नाही, एवढंच. ती तो बाहेरून घेतो, दगडाकडून, उन्हाकडून. तापून झाला की वाळवंटातल्या सरड्याचं रक्त आपल्याइतकंच गरम असतं, कधी आपल्याहून थोडं जास्तच. अमेरिकेत रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या साप-सरड्यांची तापमानं मोजून १९४४ साली हे मांडलं. सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत ये-जा करून हे प्राणी आपलं तापमान बऱ्यापैकी एका पट्ट्यात सांभाळतात, असं त्यांना दिसलं. आणि त्यातली माझ्या मनात रुतून बसलेली गोष्ट ही: वाळवंटातल्याच या प्राण्यांना भर उन्हात बांधून ठेवलं, सावलीला जाऊ दिलं नाही, तर ते काही मिनिटांत मरतात.

वाचलं तेव्हा मला धक्काच बसला. मला वाटत होतं वाळवंटातला सरडा म्हणजे उन्हाला पुरून उरणारा, काटक, सोसणारा. प्रत्यक्षात तो ऊन सोसतच नाही. तो ते टाळतो. त्याची सगळी हुशारी कधी बाहेर पडायचं आणि कधी नाही यात आहे. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. समोरच्या बांधकामावरची माणसं त्या वेळात पत्र्याच्या आडोशाला ओळीने आडवी झालेली मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. सरड्यांनी हा नियम फार पूर्वीच लावून घेतलाय.

बाहेरून उष्णता घेण्यात फायदाही मोठा आहे. शरीराची शेगडी दिवसरात्र पेटती ठेवायची नाही म्हटल्यावर इंधन कमी लागतं. त्याच आकाराच्या उंदराला जेवढं खाणं लागतं त्याच्या दहावा हिस्सा, कित्येकदा त्याहूनही कमी, सरड्याला पुरतं. जिथे खायलाच काही नाही तिथे ही चैन नव्हे, गरज आहे. माझ्या माहेरच्या माणदेशात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस होतो आणि आम्ही त्याला दुष्काळी भाग म्हणतो. दुबईत सरासरीने शंभरही पडत नाही.

हे सगळं डोक्यात होतं म्हणून असेल, मार्चमधली आमची अल कुद्राची सहल मला नव्याने आठवली. अल बर्शाहून पाऊण तासावर, अल मरमूमच्या राखीव वाळवंटात ही तळी आहेत. आपल्यापैकी बरेचजण तिथे डबे घेऊन जातात. आम्ही पहाटेच निघालो होतो. रस्ता सोडून जरा आत, खडीच्या सपाट जमिनीवर माझ्या नवऱ्याने गाडी एकदम थांबवली. समोर एका भोकाच्या तोंडाशी हात-दीड हात लांबीचा, जाडजूड, काळपट सरडा पसरला होता. शेपटीवर काट्यांची वलयं. हा इथला धब. कच्छ-राजस्थानातल्या सांड्याचा भाऊबंद, ज्याच्या तेलाच्या नावाने जत्रांमधून काय काय विकायचे ते मोठ्यांना आठवत असेल. धब मात्र पक्का शाकाहारी, पानं, फुलं आणि बिया खाणारा.

आम्ही गाडीतूनच बघत राहिलो. खाली उतरून जवळ गेलं की तो आत जातो आणि मग ऊन चढेपर्यंत त्याला पुन्हा तापायची संधी मिळेल की नाही सांगता येत नाही. अर्ध्या तासात ओवी म्हणाली, "आई, तो बदलला." खरंच बदलला होता. गडद राखाडी अंग फिकट, पिवळसर व्हायला लागलं होतं. मराठीत सरड्यासारखे रंग बदलणं म्हणजे लबाडी. धब रंग बदलतो तो कुणाला फसवायला नव्हे. सकाळी गार पडलेलं अंग लवकर तापावं म्हणून काळा, कारण काळा रंग ऊन शोषतो. तापून झालं की ऊन परतवायला फिकट. काळ्या गाडीत आणि पांढऱ्या गाडीत ऑगस्टमध्ये बसून बघितलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच्या नाकपुड्यांभोवती पांढरी पुटं दिसत होती. मला वाटलं माती असेल. ते मीठ होतं. वाळवंटातली झुडपं खारट, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मूत्रपिंडांना रक्तापेक्षा खारट मूत्र तयार करता येत नाही. आपल्याला ते येतं, उंटाला तर फारच चांगलं येतं. मग धबने मीठ टाकायचं कुठून? तर नाकातून. त्याच्या नाकात मिठाच्या ग्रंथी असतात, त्या दाट खारट द्रव बाहेर टाकतात, तो शिंकतो आणि वाळून मीठ उरतं. म्हणजे मीठ काढून टाकायला पाणी खर्च करावं लागत नाही. मिठागराशेजारी वाढलेल्या माझ्या कोकणातल्या मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, आमच्याकडे आला असता तर धंदा बुडवला असता."

आणि बीळ. खरं तर सगळ्यात आधी बिळाबद्दलच लिहायला हवं होतं. धबच्या बिळाचं तोंड अर्धचंद्रासारखं असतं, त्याच्या चपट्या अंगाला बेताचं. आत ते काही मीटर वळणं घेत जातं. बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत खोलवर पुष्कळ गार असतं आणि हवेत दमटपणा टिकून असतो. श्वासावाटे जाणारं पाणी त्यामुळे कमी होतं. थंडीत जानेवारीच्या गार दिवसांत तो बहुतेक आतच झोपून असतो, उन्हाळ्याच्या दुपारी आतच बसून असतो. कुणी मागून आलंच तर काटेरी शेपटी तोंडाशी लावून दार बंद. हिशेब केला तर धब आयुष्याचा बराच मोठा भाग घरात काढतो. बाहेर पडला तरी चरायला फार लांब जात नाही, बिळाच्या आसपासच. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपण दुसऱ्याचा तोकडेपणा दाखवायला वापरतो. माणदेशात ज्याने ती पहिल्यांदा म्हटली त्याने सरडा नीट बघितला होता, पण कुंपणापलीकडे धावत गेलेल्या सरड्याचं भर दुपारी काय होतं ते त्याने बघितलं नसावं.

इथे "आपणही धबच आहोत" असं लिहायचा मोह होतो. गावाकडून फोन येतो तेव्हा मलाही ऐकावं लागतं, "तुझं काय बाई, दिवसभर एसीत." पण मी आवरते. आपल्याला एसी आहे आणि दर महिन्याला त्याचं बिल आहे. धबला दोन्ही नाही.

वाळूतले बाकीचे नातेवाईक थोडक्यात. अल कुद्राच्या पिवळ्या टेकड्यांवर एक छोटा, बेडकासारख्या तोंडाचा सरडा असतो. वाळू तापली की टाचांवर उभा राहतो, शेपटीचा टेकू देतो आणि पोट वाळूपासून वर उचलून धरतो. धोका वाटला की अंग आडवं थरथरवत जागच्या जागी वाळूत बुडतो. डोळ्यांदेखत नाहीसा होतो, ओवी दोनदा फसली. दुसरी ती वाळूतली सापसुरळी, जिला इंग्रजी येणारे वाळूतला मासा म्हणतात. गुळगुळीत अंग, फावड्यासारखं नाक, खालचा जबडा आत दडलेला, म्हणजे पोहताना तोंडात वाळू जाऊ नये. हिच्या उत्तर आफ्रिकेतल्या बहिणीला अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये शास्त्रज्ञांनी वाळूत सोडलं आणि क्ष-किरणांनी बघितलं. २००९ साली त्यांनी छापलं की वाळूखाली ती पाय वापरतच नाही. पाय अंगाला चिकटवून ती नागमोडी पोहते. वरची वाळू भाजत असताना थोडं खाली बरं असतं, आणि तिला तिथपर्यंत जायला बीळही लागत नाही.

आणि हे सगळं फक्त वाळवंटाचं आहे असं वाईच्या किंवा साताऱ्याच्या मंडळींनी समजू नये. ठोसेघरजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघायला तुम्ही गेला असाल. पावसाळ्यात तिथे छत्री उलटी होते, पण मार्च ते मे या महिन्यांत ते पठार म्हणजे तापलेला जांभा. नेमक्या त्या दिवसांत तिथले सरडे गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून दगडावर उभे असतात. कोरड्या दिवसांत लग्नं उरकायची, म्हणजे पाऊस येतो तेव्हा अंड्यांना ओलावा आणि पिल्लांना किडे मिळतात. भारतातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये या जातीचं नामकरण केलं, सारडा सुपर्बा. पहिलं नाव थेट आपल्या मराठी 'सरडा'वरून घेतलंय. जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत एक मराठी शब्द जाऊन बसलाय आणि आपल्या साहित्य संमेलनांना त्याचा पत्ता नाही.

इथल्या धबची स्थिती मात्र चांगली नाही. पूर्वी त्याचं मांस खायचे. आता इथे शिकारीला बंदी आहे आणि या जातीच्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. पण खडीच्या सपाट जमिनीवर धबचं बीळ असतं आणि खडीची सपाट जमीन रस्त्याला, गोदामाला, वसाहतीला सगळ्यात सोयीची. जो प्राणी कुंपणाच्या आतच जगायला शिकलाय त्याला उचलून दुसरीकडे जाता येत नाही. अल बर्शा साउथमध्ये आमच्या बिल्डिंगच्या मागे मोकळा वाळूचा प्लॉट होता. धब नव्हता तिथे, पण संध्याकाळी झालरीसारख्या बोटांचे चपळ सरडे दिसायचे. ओवीने सातपर्यंत मोजले होते. गेल्या वर्षी तिथे पाया खणला. त्यांचं काय झालं हे तिने विचारलं तेव्हा मी चहा ठेवायला उठले. बघा, मी अजून तशीच आहे.

परत माझ्या खोक्यातल्या पालीकडे. शेपटी तुटली म्हणजे पाल वाचली, असं आपण म्हणतो, आणि पुठ्ठ्यावर बहुतेक तिने धडपडताना स्वतःच सोडली असावी. पण शेपटी फुकट नसते. पालीची चरबी शेपटीत साठते. चांगले दिवस असताना खाल्लेलं तिथे जमा, वाईट दिवसांत तिथून खर्च. वाळवंटात चांगले दिवस कधी येतील हे सांगता येत नाही. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस आपण कुणी विसरणार नाही. अल ऐनजवळ चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पडला, इथे नोंदी ठेवायला लागल्यापासून एवढा कधी पडला नव्हता. पण अशा एका हिरव्या हंगामावर पुढचे किती कोरडे महिने काढायचे, याचा हिशेब शेपटीतच असतो.

एक ग्रॅम चरबी जळली की एक ग्रॅमपेक्षा थोडं जास्त पाणी तयार होतं, त्यामुळे शेपटीला, उंटाच्या मदारीसारखं, पाण्याची टाकी म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. चरबी जाळायला श्वास घ्यावा लागतो आणि कोरड्या हवेत श्वासाबरोबर बरंचसं पाणी निघून जातं. शेपटी ही पाण्याची बाटली कमी आणि जेवणाचा डबा जास्त. धबला तर ती पालीसारखी सोडताही येत नाही. त्याच्या शेपटीला दार लावायचं काम आहे.

म्हणजे माझ्या पुठ्ठ्याने त्या पालीचा उन्हाळ्याचा डबा घेतला होता. ओवीला हे सांगितल्यावर तिने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाळलं. दुसऱ्या रात्री, जराशी गार हवा होती तेव्हा, आम्ही खोकं बाल्कनीत आडवं ठेवलं. पहिल्यांदा ती बाहेरच येईना. मग भिंतीवर चढली, दोनदा घसरली, आणि एसीच्या बाहेरच्या डब्यामागे गेली. तिथे नळीतून पाणी ठिबकतं. जागा तिने बरोबर निवडली होती.

त्या मुलाला मी काय सांगणार होते? तो आता पंचविशीला आला असेल. हा अंक आमच्या गावच्या वाचनालयात जातो, म्हणून इथे लिहून ठेवते: तू हात लावून बघितलं होतंस ते बरोबर होतं. सरडा गरमच असतो. तू विचारलंस तेव्हा मला येत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी बाल्कनीचं दार उघडं ठेवण्यासारखी हवा झाली. एके दिवशी ओवीने मला हाक मारली. दिव्याखाली पाल होती. शेपटी परत आलेली, पण आखूड, बोथट, रंगाला सपाट, पहिल्या शेपटीवर असतात तसे पट्टे नसलेली. नवीन शेपटीत मणके नसतात, आत नुसती कूर्चेची एक काडी असते. ओवीने ती ओळखली ती त्यावरूनच. वाईला बोटिम लावून आजीला दाखवली. आजीने नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "जाड झालीय हो शेपटी. खातेय चांगलं."

चिकट पुठ्ठे मी तेव्हाच फेकून दिले होते. झुरळं अजून आहेत. पण कमी आहेत.